गोपुर किती दिसते?

दृश्य प्रदूषण म्हणजे नजरेच्या वाटेत साचलेला पसारा: फ्लेक्स, होर्डिंग, लोंबत्या तारा, पाटीवर चढलेली पाटी. आवाज मोजता येतो, धूर मोजता येतो. या पसाऱ्याला सर्वमान्य माप नाही, त्यामुळे तक्रार पहिल्याच पायरीवर अडते. देवळाभोवती वसलेल्या गावात मात्र एक साधे माप हाताशी असते. रस्त्यावरून गोपुर किती दिसते?

कुंभकोणमजवळचे तिरुविडैमरुदूर असे गाव आहे. मध्ये महालिंगस्वामी मंदिर, भोवती रथ फिरण्यासाठी चार रस्ते. रथ वळावा आणि दुरून येणाऱ्याला गोपुर दिसावे, अशी ही मांडणी. इथला भाविक पूर्वेच्या दाराने आत जातो, पण त्याच दाराने बाहेर पडत नाही. वरगुण पांड्य राजाला लागलेली ब्रह्महत्या त्या दारात अजून वाट पाहते, अशी श्रद्धा आहे. दिशा चुकून चालत नाही, असे हे गाव.

मराठी वाचकाचेही इथे नाते आहे. 1798 मध्ये सरफोजी दुसरे तंजावरच्या मराठी गादीवर आले, तेव्हा पदच्युत अमरसिंह इथे येऊन राहिले. मंदिरात हाती दिवा घेतलेल्या स्त्रीची धातूची मूर्ती आहे, खांद्यावर पोपट. त्याच राजघराण्यातल्या प्रतापसिंहाशी लग्न व्हावे म्हणून घराण्यातल्याच अम्मणी अम्माळने लक्षदीपाचा नवस केला आणि त्यातला एक दिवा आपल्याच रूपात घडवला, असे तिच्याखालचा 1853 चा तामिळ लेख सांगतो. नवस फेडणारी बाई स्वतःचे चित्र लावते, तेही देवाकडे तोंड करून, प्रकाश धरून.

आजचे चित्र रस्त्याकडे तोंड करते. कावेरीच्या खोऱ्यात लग्न, कान टोचणे, वाढदिवस, निधन, नेत्याचे आगमन, प्रत्येक प्रसंगाला फ्लेक्स लागतो. बांबू किंवा लाकडी चौकट, तिच्यावर ताणलेले छापील प्लास्टिक. रात्रीत उभे राहते, प्रसंग संपला तरी उतरत नाही. एकाने मोठा लावला की शेजारी त्याहून मोठा लावतो, आणि शेवटी कुणाचाच वाचला जात नाही. वळणावरचा वाहनचालक, गावाचे नाव शोधणारा परगावचा माणूस, रस्ता ओलांडणारी म्हातारी यांची नजर मात्र अडते.

तामिळनाडूत 1959 पासून उघड्या जागा विद्रूप करण्यास मनाई करणारा कायदा आहे. मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2017 मध्ये हयात व्यक्तींची चित्रे फलकांवर लावण्यास बंदी घातली होती. तरी 12 सप्टेंबर 2019 रोजी चेन्नईच्या पल्लिकरणैत लग्नाचा फ्लेक्स दुचाकीवरच्या तरुणीवर पडला, ती टँकरखाली सापडून गेली. महाराष्ट्राचा 1995 चा विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदाही असाच कागदावर जड. 13 मे 2024 रोजी घाटकोपरला कोसळलेले होर्डिंग 120 फूट लांब-रुंद होते. मुंबईत मर्यादा 40 फुटांची. 17 माणसे गेली. कायद्याची उणीव इथे नव्हती, टेप घेऊन मोजणाऱ्याची होती.

ब्राझीलच्या साओ पावलोने 2007 पासून शहरातल्या बाहेरच्या जाहिराती जवळजवळ पूर्ण उतरवल्या, दुकानांच्या पाट्यांचे आकारही ठरवून दिले. मोजायला सोपा असल्याने तो नियम टिकला.

तारांचा प्रश्न वेगळा आणि अधिक घातक. 27 एप्रिल 2022 रोजी तंजावरजवळच्या कळिमेडूत मंदिराचा रथ उच्चदाबाच्या तारेला लागला. 11 जण मेले, त्यांत मुले होती. रथाच्या रस्त्यांवरच्या तारा जमिनीखाली घेणे हा त्यावरचा खरा उपाय. एरवी रथोत्सवाच्या दिवशी वीज बंद करायची आणि वाटेतल्या तारा सोडवायच्या, अशी तामिळनाडूत रीत आहे. तेवढा वेळ रस्त्यावरचे आकाश मोकळे होते. रथ आपल्या जागी परतला की शिड्या लागतात, तारा पुन्हा चढतात.