कोपऱ्यातली ओळ आणि आधीची तीस सेकंदं

(पडदा आणि प्रकृती : लेखांक सहावा)

चित्रपटगृहात बसलेल्या भारतीय प्रेक्षकाला तंबाखूबद्दल तीन गोष्टी कायद्याने दाखवल्या जातात. आरंभी आणि मध्यंतरानंतर तीस सेकंदांची आरोग्यविषयक जाहिरात. दुष्परिणाम सांगणारं वीस सेकंदांचं दृक्‌श्राव्य निवेदन. आणि पडद्यावर कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तेवढा वेळ खाली कोपऱ्यात झळकणारी इशाऱ्याची ओळ. २ ऑक्टोबर २०१२ पासून हे नियम आजच्या रूपात लागू आहेत आणि १ सप्टेंबर २०२३ पासून ओटीटीवरही आले आहेत. या तिन्हींची चेष्टा होते, पण सर्वांत जास्त चेष्टा वाट्याला आली ती आरंभीच्या जाहिरातीच्या. रुग्णालयातला तो तरुण आणि स्पंज पिळल्यावर निघणारं काळं डांबर यांच्यावर विनोद करून लोक दमले. कोपऱ्यातल्या ओळीवर तेवढे विनोद होत नाहीत. प्रेक्षकाने तिला केव्हाच पडद्याचा भाग मानून टाकलं आहे. माझं म्हणणं असं की ही चेष्टा चुकीच्या ठिकाणी चालली आहे. पुरावा पाहिला तर ती तीस सेकंदं हाच या नियमांतला सर्वांत भक्कम भाग ठरतो आणि ओळ जवळजवळ शोभेची. शिवाय आज तंबाखू ज्या वाटेने पडद्यावर येते, ती वाट या नियमांच्या कक्षेतच नाही.

पण आधी मूळ प्रश्न. पडद्यावरचा धूर पाहून कुणी सिगारेट ओढायला लागतं का? तंबाखू कंपन्यांना याबद्दल फारशी शंका नव्हती. जानेवारी १९७१ पासून अमेरिकेत दूरचित्रवाणी आणि रेडिओवर सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या आणि या कंपन्यांचा हॉलिवुडमधला रस वाढला. ‘लायसन्स टू किल’ या १९८९च्या बाँडपटात आपली सिगारेट दिसावी म्हणून फिलिप मॉरिस कंपनीने साडेतीन लाख डॉलर मोजले. सिल्व्हेस्टर स्टॅलनने १९८३ साली एका पत्रात, पाच लाख डॉलरच्या मोबदल्यात किमान पाच चित्रपटांत ब्राउन अँड विल्यमसनची उत्पादनं वापरण्याची तयारी दाखवली होती. ही कागदपत्रं पुढे उघड झाली. १९९८ साली ४६ राज्यांनी या कंपन्यांशी केलेल्या तडजोडीत चित्रपटांना असे पैसे देण्यावर बंदी आली. अर्थात कंपनीने पैसे ओतले म्हणून परिणाम होतोच असं सिद्ध होत नाही. जाहिरातींवर पैसा वाया घालवणाऱ्या कंपन्या जगात कमी नाहीत. परिणाम खरंच होतो का हे पाहायचं, तर मुलांकडेच जावं लागतं.

तसं जाणारा, आजही सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. न्यू हॅम्पशर आणि व्हरमाँट या अमेरिकेतल्या दोन राज्यांतल्या १० ते १४ वर्षांच्या, कधीही सिगारेट न ओढलेल्या सुमारे २६०० मुलांचा संशोधकांनी मागोवा घेतला. ६०१ लोकप्रिय चित्रपट आधीच पाहून प्रत्येकात धूम्रपान किती वेळा दिसतं याची नोंद केलेली होती. त्यांतल्या ५० चित्रपटांची यादी प्रत्येक मुलापुढे ठेवून ‘यातले कोणते पाहिलेस?’ एवढंच विचारलं. एक-दोन वर्षांनी पुन्हा चौकशी केली. पडद्यावरचं धूम्रपान सर्वांत कमी पाहिलेल्या चतुर्थांश मुलांपैकी ३ टक्के मुलांनी सिगारेट ओढून पाहिली होती, सर्वांत जास्त पाहिलेल्यांपैकी १७ टक्के मुलांनी. घरच्यांचं आणि मित्रांचं धूम्रपान, शाळेतली प्रगती, पालकांची शिस्त, मुलाची बंडखोर वृत्ती हे सगळं हिशेबात धरल्यावरही फरक २.७ पट उरला. त्याहून मोलाची गोष्ट पुढे आहे: ज्यांचे आईवडील सिगारेट ओढत नव्हते, त्या मुलांवर चित्रपटांचा परिणाम अधिक दिसला. म्हणजे ‘घरात जे दिसतं तेच मुलं करतात, सिनेमाला कशाला दोष देता?’ हा आक्षेप इथे उलटाच पडतो. घरात धूर नसलेल्या मुलापुढे सिगारेटचं चित्र रंगवणारा पडदाच असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. धाडसी, बेफिकीर मुलंच मारधाडीचे चित्रपट पाहतात आणि तीच मुलं सिगारेटही ओढतात. मग सिनेमा कारण कसा? संशोधकांनी ही वृत्ती प्रश्नावलीने मोजली, पण माणसाचा स्वभाव प्रश्नावलीत पुरता मावत नाही हे मान्य करायला हवं. त्याच अभ्यासात नव्याने सिगारेट धरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांचं खापर चित्रपटांवर फोडणारा एक आकडाही आहे. तो आकडा मी पुढे करणार नाही, कारण तो काढताना बाकी सगळं अचूक मोजलं आहे असं गृहीत धरावं लागतं. पण एका अभ्यासावर हा वाद उभा नाही. जर्मनी, आइसलँड, इटली, नेदरलँड्स, पोलंड आणि ब्रिटन अशा एकमेकांपेक्षा वेगळ्या समाजांतल्या शाळकरी मुलांतही हाच संबंध आढळला, आणि जितकं जास्त पाहणं तितका जास्त धोका ही चढण पुन्हा पुन्हा दिसली. दिल्लीतल्या १२ शाळांतल्या सुमारे ४००० मुलांवर, ५९ हिंदी चित्रपट घेऊन केलेल्या पाहणीत तंबाखूची दृश्यं सर्वाधिक पाहिलेल्या मुलांमध्ये तंबाखू वापरण्याची शक्यता दुपटीहून अधिक निघाली. ही पाहणी एकाच वेळी केलेली, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय हे ती सांगू शकत नाही; दिशा मात्र तीच आहे. सगळा पुरावा एकत्र तोलून अमेरिकेच्या सर्जन जनरलने २०१२ च्या अहवालात हा संबंध कार्यकारणाचा असल्याचं म्हटलं.

मग दृश्यंच कापून टाकावीत का? भारताने तो प्रयत्न करून पाहिला. २००२ साली रजनीकांतच्या ‘बाबा’ या चित्रपटातल्या धूम्रपानावरून तमिळनाडूत पट्टाळी मक्कल कच्ची या पक्षाने आंदोलन केलं. पक्षाचे संस्थापक रामदास यांचे चिरंजीव अन्बुमणी पुढे केंद्रीय आरोग्यमंत्री झाले आणि २००५ साली पडद्यावर तंबाखू दाखवण्यावर सरसकट बंदी घालणारे नियम निघाले. महेश भट यांनी ते दिल्ली उच्च न्यायालयात नेले आणि जानेवारी २००९ मध्ये ते रद्द झाले. हा निकाल मला योग्य वाटतो. गिरणगावावरच्या चित्रपटातून विडी वगळायची किंवा खेड्यातल्या पारावर बसलेल्या म्हाताऱ्याच्या हातातून चंची काढून घ्यायची, तर ते चित्र खोटंच होईल. शिवाय ज्या अभ्यासांचा दाखला दिला जातो ते सगळे मुलांवरचे आहेत. प्रौढाने काय पाहावं हे त्यावरून ठरवता येत नाही. बंदी गेली आणि तिच्या जागी इशारे आले. २०१३ साली वुडी ॲलनने ‘ब्लू जॅस्मिन’च्या दृश्यांवर ही ओळ उमटवायला नकार दिला आणि तो चित्रपट भारतात झळकलाच नाही. तेव्हा तो कलावंताचा हेकेखोरपणा म्हणून गाजला. पण ओळीबद्दलची त्याची नाराजी आरोग्याच्या बाजूनेही बरीचशी बरोबर होती.

ती ओळ येते कधी ते पाहा. नायक सिगारेट पेटवतो, कॅमेरा त्याच्या चेहऱ्याजवळ जातो, पार्श्वसंगीत चढतं आणि सगळं लक्ष त्या चेहऱ्यावर खिळलेलं असताना तळाशी चार शब्द उमटतात. चित्र भावनेशी बोलतं आणि ओळ माहितीशी, तीही सगळ्यांना पाठ असलेल्या माहितीशी. सिगारेट वाईट हे ठाऊक नाही म्हणून कुणी ओढत नाही. त्यातून हे शब्द वर्षानुवर्षं तेच. न बदलणारा इशारा डोळ्यांना दिसेनासा होतो, हे सरकारला माहीत नाही असंही नाही. पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापणारा सचित्र इशारा एप्रिल २०१६ पासून सक्तीचा झाला आणि त्यावरची चित्रं ठरावीक काळाने बदलायची तरतूद नियमांतच आहे. पाकिटाला लावलेला हा शहाणपणा पडद्यावरच्या ओळीच्या वाट्याला आला नाही.

आरंभीच्या जाहिरातीचं तसं नाही; तिच्यामागे थेट प्रयोग आहेत. १९९९ साली संशोधक कॉर्नेलिया पेचमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने नववीतल्या मुलांना एकाच चित्रपटाच्या दोन प्रती दाखवल्या, एक धूम्रपानाच्या दृश्यांसह आणि एक ती काढून टाकलेली. दृश्यं पाहिलेल्या मुलांच्या मनात सिगारेट ओढणाऱ्याची प्रतिष्ठा वाढली, स्वतः ओढण्याचा कलही वाढला. पण ज्यांना तोच चित्रपट दाखवण्याआधी धूम्रपानविरोधी जाहिरात दाखवली होती, त्यांच्यात हा परिणाम पुसला गेला. पुढे ऑस्ट्रेलियात खऱ्याखुऱ्या चित्रपटगृहांत, तिकीट काढून आलेल्या १२ ते १७ वर्षांच्या मुलींवर असाच प्रयोग झाला. आधी जाहिरात पाहिलेल्या मुलींपैकी अधिक जणींना पडद्यावरचं धूम्रपान खटकलं. कारण समजण्यासारखं आहे. सिगारेट पडद्यावर येण्याआधीच जाहिरात तिच्याकडे पाहण्याची नजर बदलते. ओळ मात्र मोहिनी पडल्यानंतर येऊन तक्रार करते.

‘पण भीती दाखवली की लोक तोंड फिरवतात’ असं म्हटलं जातं, आणि आपल्याकडच्या विनोदांचा दाखला दिला जातो. तोंड फिरवणारे असतात हे खरं. तरीही तंबाखूविरोधी जाहिरातींवरच्या संशोधनाचा एकूण कौल असा, की आजाराची प्रत्यक्ष, अस्वस्थ करणारी चित्रं आणि खऱ्या रुग्णाचं बोलणं यांचा परिणाम गुळगुळीत किंवा विनोदी संदेशांपेक्षा जास्त होतो. आरंभीच्या जाहिरातीतला, गुटख्याने मुखकर्करोग झालेला तो तरुण भुसावळचा. टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या चित्रीकरणानंतर २००९ साली, चोवीस वर्षांच्या वयात तो गेला. त्याच वर्षी तिथल्याच शल्यचिकित्सकाला आणि रुग्णांना घेऊन धूरविरहित तंबाखूविरुद्ध देशभर मोहीम चालली. नंतरच्या मूल्यमापनात मोहीम पाहिलेल्यांना धोक्याची जाण अधिक होती आणि तंबाखू खाणाऱ्यांमध्ये सोडण्याचा विचार आणि प्रयत्नही अधिक आढळले. लोक हसले, तेही निदान काही अंशी ते चित्र नजरेसमोरून हलत नव्हतं म्हणून हसले असावेत. ज्याचं काहीच वाटत नाही त्याच्यावर कुणी दहा वर्षं विनोद करत नाही. कोपऱ्यातल्या ओळीवर होत नाहीत, ते त्यामुळेच. २०१८ पासून चित्रपटाआधीच्या या जागी अक्षय कुमारची, नंदू नावाच्या माणसाला सिगारेट सोडायला सांगणारी हलकीफुलकी जाहिरात आली. ती लोकप्रिय झाली. संशोधनाच्या कसोटीवर मात्र मी ती मागे ठेवीन.

याच अभिनेत्याने एप्रिल २०२२ मध्ये, एका पानमसाला उत्पादकाच्या वेलचीच्या जाहिरातीत झळकल्याबद्दल जाहीर माफी मागून ते काम सोडलं. आपण तंबाखूची जाहिरात कधी केली नाही आणि करणार नाही, असंही त्याने सांगितलं. त्याआधीच्या वर्षी अमिताभ बच्चन यांनीही अशाच एका जाहिरातीतून अंग काढून घेतलं होतं. प्रश्न दोन नटांचा नाही. पानमसाल्याच्या पुडीचं नाव, तिची अक्षरं, तिचे रंग वेलचीच्या डबीवर चढवायचे, पडद्यावर सुगंधी वेलची दाखवायची आणि टपरीवर त्याच नावाची पुडी टांगायची, असा हा व्यवहार आहे. या जाहिरातीवर कोपऱ्यातली ओळ येत नाही, आधी तीस सेकंदं येत नाहीत, कारण कागदोपत्री तिथे तंबाखूच नाही. आणि महाराष्ट्रासाठी नेमकी हीच वाट महत्त्वाची आहे. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर मिश्री, खर्रा, मावा, चुना लावून मळलेली तंबाखू अशा धूरविरहित रूपांत तंबाखू घेणारे २४.४ टक्के. राज्यात गुटख्यावर जुलै २०१२ पासून बंदी असतानाचे हे आकडे आहेत. म्हणजे आपण सगळी शक्ती धुराच्या चौकटीवर ओळ उमटवण्यात घालवतो आणि ज्या तोंडातल्या तंबाखूने इथली माणसं आजारी पडतात, तिच्या नावाचा झगमगाट क्रिकेटच्या दोन षटकांमध्ये खुशाल चालतो.

म्हणून माझं मत असं: कोपऱ्यातली ओळ काढली तरी फारसं बिघडणार नाही, दिग्दर्शकांना ती सूट द्यावी. आरंभीच्या जाहिराती ठेवाव्यात, दरवर्षी बदलाव्यात, आणि त्यांत नटांऐवजी रुग्ण व डॉक्टर असावेत. मुलांसाठीच्या चित्रपटांत तंबाखू कशाला हवी, हे निर्मात्यांना प्रमाणपत्र देतानाच विचारावं. राहिली वेलची. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी अशा आडून केलेल्या जाहिरातींना मनाई केली आहे. पण केवळ ब्रँडचं नाव वापरलं आणि जाहिरातीत दुसरं काही आक्षेपार्ह नसलं, तर ती आडून केलेली जाहिरात समजू नये, अशी सवलतही त्याच सूचनांत आहे. पानमसाल्याच्या जाहिरातीत नावाखेरीज विकण्यासारखं दुसरं काही नसतं. तंबाखूपुरती ती सवलत काढून टाकायला संसदेत नवा कायदा आणावा लागत नाही. प्राधिकरणाची एक अधिसूचना पुरते.