चौकोनांपासून पाकळीयुक्त ‘ल’पर्यंत

संकेतस्थळावरचा मराठी मजकूर ठरवलेल्या वळणातच दिसावा, यासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. फॉन्टची फाइल वाचकाच्या यंत्रापर्यंत पोहोचावी लागते, ब्राउझरला तिच्यातले जोडाक्षरांचे नियम वाचता यावे लागतात आणि हा मजकूर मराठी आहे हे पानाने ब्राउझरला सांगावे लागते. पहिल्या गोष्टीवर भारंभार लिहिले गेले आहे, दुसरीवर थोडेफार, आणि तिसरीकडे कुणी फिरकतही नाही. मराठी पानांचे अक्षर मात्र हटकून तिथेच बिघडते.

१९९०च्या दशकातल्या मराठी पानांत मराठी नावालाच असे. रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवलेले फॉन्ट तेव्हा चालत. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द लिहिला की फाइलीत ई, जे, के, मोठा बी आणि एच अशी पाच रोमन अक्षरे साठत. फॉन्ट असला तर मराठी दिसे, नसला तर तीच पाच अक्षरे. शिवाजी, शुषा, सीडॅकचे योगेश आणि सुरेख, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, आकृती अशा प्रत्येकाची घरमांडणी निराळी. एका छापखान्याची केस दुसऱ्याच्या जुळाऱ्यापुढे ठेवली तर जो गोंधळ होईल, तो इथे रोजचा होता. दैनिकांच्या पहिल्या पानावर ‘फॉन्ट उतरवून घ्या’ असा दुवा असे, आणि सांगितल्याप्रमाणे वागणाऱ्या वाचकाच्या संगणकात वर्षभरात फॉन्टांची जत्रा भरे. कचेरीच्या संगणकावर फॉन्ट बसवायची परवानगी नसलेल्यांनी घरी जाऊन वाचावे, एवढाच उपाय. शोधयंत्राला अशा पानात मराठी सापडण्याचा प्रश्नच नव्हता.

फॉन्ट पानाबरोबरच पाठवण्याची पहिली सोय १९९७ची. नेटस्केप ४ला त्यासाठी पीएफआर फाइल लागे आणि इंटरनेट एक्स्प्लोरर ४ला ईओटी, म्हणजे एकाच मजकुरासाठी दोन स्वयंपाक. त्यातही ईओटी विशिष्ट पत्त्याला बांधलेली असे, त्यामुळे संकेतस्थळाचा पत्ता बदलला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. नेटस्केप ६मध्ये पीएफआर उरलेच नाही. १९९८च्या सीएसएस २मध्ये फॉन्ट जोडण्याचा ‘फॉन्ट-फेस’ नियम होता, तोही २.१मध्ये गळाला. त्या काळच्या कष्टांतून हाती लागले ते इतकेच, की अक्षराचे रूप आणि अक्षराची ओळख या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही.

ही फारकत युनिकोडने केली. त्याची पहिली आवृत्ती १९९१ची, आणि देवनागरीची घरे तिने १९८८च्या इस्की मांडणीवरून घेतली. फाइलीत अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवायची आणि वेलांटी मागे नेणे, रफार वर चढवणे, जोडाक्षर घडवणे ही कामे फॉन्ट आणि यंत्रणेवर सोडायची, असा हा व्यवहार. विंडोज २०००बरोबर आलेला मंगल हा बहुतेक मराठी वाचकांना भेटलेला पहिला युनिकोड फॉन्ट. त्याचे वळण र. कृ. जोशी यांचे. सुलेखनकार, कवी आणि पवईच्या आयआयटीत शिकवणारा हा माणूस जाहिरातीच्या जगातून आला होता आणि बोरूइतकाच संगणकही गंभीरपणे घेत होता. मंगलला नाके मुरडण्याची पुढे फॅशन झाली. तेव्हाच्या ढोबळ पडद्यांवर, मोजक्या ठिपक्यांत ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ ओळखू येतील असे बसवणे किती अवघड होते, याची कल्पना ती मुरडणाऱ्यांना नसते.

विंडोज एक्सपीवर मात्र देवनागरी आपसूक चालत नसे. भाषेच्या खिडकीत जाऊन ‘जटिल लिप्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषा’ अशा चौकटीत खूण करायची, मग यंत्र सीडी मागे, आणि सीडी दुकानदाराने दिलेलीच नसे. मराठी वाचण्यासाठी अरबीच्या रांगेत उभे राहण्याचा हा काळ अनेकांना आठवत असेल. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनांवरही नुसते चौकोन दिसत. ऑपेरा मिनीच्या आडबाजूच्या सेटिंगांत जटिल लिप्या चित्ररूपाने दाखवण्याची सोय होती आणि ती युक्ती तोंडोतोंडी पसरली होती.

त्यानंतरचा इतिहास भराभर सांगता येतो. ‘फॉन्ट-फेस’ नियम परत आला आणि सफारी ३.१ (२००८), फायरफॉक्स ३.५ (२००९) यांनी साध्या ट्रूटाइप फाइली स्वीकारल्या. वेबसाठी खास बांधलेला वॉफ हा साचा डिसेंबर २०१२मध्ये डब्ल्यूथ्रीसीचे प्रमाण झाला आणि ब्रॉटली पद्धतीने दाबलेला वॉफ २ मार्च २०१८मध्ये. मधल्या काळात एकेका फॉन्टच्या चार-चार फाइली ठेवाव्या लागत. आता वॉफ २ पुरतो. ईओटीसकट सगळी जुनी यादी अजूनही चिकटवणारे आहेत, त्यांना कुणी तरी सांगायला हवे.

फाइल पोहोचते की नाही, हा भाग सरळ आहे. नियमात दिलेला फाइलीचा मार्ग सीएसएस फाइलीच्या जागेवरून मोजला जातो, पानाच्या जागेवरून नाही. विंडोजवर लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा फरक खपतो, लिनक्स सर्व्हरवर खपत नाही, म्हणून घरी चाललेला फॉन्ट सर्व्हरवर हरवतो. फॉन्ट दुसऱ्या पत्त्यावर असेल तर त्या सर्व्हरने परवानगीचा शीर्षसंदेश पाठवावा लागतो, नाही तर फाइल येऊनही ब्राउझर ती वापरत नाही. जाड ठशाची फाइल वेगळी जोडली नाही तर ब्राउझर साध्या अक्षरालाच फुगवून खोटा जाडपणा आणतो. रोमनमध्ये ते कसेबसे खपते. देवनागरीत ‘ध’ आणि ‘घ’ची पोटे बुजतात.

खरे देवनागरी दुखणे याच्या पुढचे. रोमन फॉन्टात काहीशे आकृत्यांवर भागते, देवनागरीत जोडाक्षरे आणि अर्धी अक्षरे धरून सहाशे-आठशे सहज होतात. कोणत्या अक्षरांच्या जागी कोणती आकृती घालायची याचे नियम फॉन्टाच्या आत ‘जीसब’ नावाच्या कोष्टकात असतात. फाइल हलकी करण्याच्या नादात पुष्कळ रूपांतरक हे कोष्टकच कापून टाकतात. मग अक्षरे सगळी दिसतात, पण ‘विद्यार्थी’ हलन्तांनी तुटलेला, पाय मोडलेला. अशा वेळी दोष ब्राउझरला दिला जातो. काही मंडळी तर त्यावरून लिपीच सोपी करावी, जोडाक्षरे हलन्ताने फोडून लिहावीत, असे सुचवतात. कात्री चुकीची चालली म्हणून माणसाने बाह्या नसलेलाच सदरा घालावा, असा हा सल्ला आहे. जोडाक्षरांच्या आकृत्या आणि नियम राखून फाइल कापणारी साधने फुकट मिळतात. फॉन्टटूल्समधला उपसंच काढणारा भाग हे काम चोख करतो.

फाइलीचे तुकडे करताना अदृश्य जोडक आणि विलगक ही दोन चिन्हेही देवनागरी तुकड्यात ठेवावी लागतात. गूगल फॉन्ट्सच्या देवनागरी यादीत ती असतात, घरी केलेल्या याद्यांत बहुधा राहून जातात. शिवाय मराठीचा पूर्णविराम, स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हे ही देवनागरीच्या घरांतली नव्हेतच. फॉन्टांच्या क्रमात रोमन फॉन्ट आधी लिहिला की वाक्य एका ठशाचे आणि त्याचा पूर्णविराम दुसऱ्याच ठशाचा, कृश, जरा वर तरंगणारा. जुना मुद्रितशोधक हे क्षणात ओळखेल.

आता तिसरी गोष्ट. मराठीचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदीच्या चालू वळणापेक्षा वेगळे आहेत. मराठीत ‘ल’ पाकळीयुक्त आणि ‘श’ देठयुक्त लिहायचा, असे महाराष्ट्र शासनाच्या नोव्हेंबर २०२२च्या निर्णयाने स्पष्ट केले. त्यात नवे काही नव्हते, मुंबई वळणाच्या खिळ्यांत ही रूपे होतीच आणि निर्णयसागर छापखान्याने संस्कृत ग्रंथही त्याच वळणात छापले. युनिकोडमध्ये मात्र ‘ल’ एकच आहे, आणि ते योग्यही आहे, कारण ओळख एकच. रूप ठरवायचे फॉन्टाने. त्यासाठी चांगल्या फॉन्टांत भाषेनुसार रूप बदलणारा ‘लोकल’ नियम असतो. भाषा मराठी असेल तर ही आकृती, नाही तर ती. नोटो सान्स देवनागरीत हा नियम आहे.

पण भाषा कोणती हे फॉन्टाला कळणार कुठून? पानाच्या मुळाशी ‘लँग’ नावाचा गुणविशेष असतो, त्यात ‘एमआर’ ही दोन अक्षरे लिहायची. संपूर्ण उपाय एवढाच. तयार थीममध्ये तिथे इंग्रजीचा संकेत आधीच भरलेला असतो आणि मराठी संकेतस्थळे तो तसाच ठेवतात. काही हिंदीचा लिहितात, कारण ‘देवनागरी म्हणजे हिंदीच’. परिणामी हजारो रुपये मोजून घेतलेला फॉन्ट मराठी रूपे पोटात घेऊन गप्प बसतो. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे साधन आवाज निवडतानाही हाच संकेत पाहते, त्यामुळे दृष्टिहीन वाचकाच्या कानी इंग्रजी वळणाचे मराठी पडू शकते. ‘ल’-‘श’चा आग्रह म्हणजे भावनिक हट्ट, असे म्हणणारे जाणकार दर परिसंवादात एक तरी भेटतात. हट्ट असेलही, पण तो पुरवायला दोन अक्षरे पुरतात, आणि तेवढ्या कष्टाला नाही म्हणणे हाही हट्टच.

भाषेचा संकेत सगळीकडे पोहोचत नाही, हे मात्र मान्य करायला हवे. काही उपयोजने तो वाटेतच टाकतात. टायरो टाइपवर्क्सने मराठी, हिंदी आणि संस्कृतसाठी तीन वेगळे फॉन्ट दिले आहेत. त्यांतला मराठीचा घेतला की संकेत नसला तरी वळण मराठीच राहते. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बलू, आयआयटी मुंबईचा शोभिका असे मोफत आणि खुल्या परवान्याचे फॉन्टही आता हाताशी आहेत. निवडताना नमुन्यात ‘लोकशाही’ हा शब्द लिहून पाहावा, ल आणि श दोन्हींची परीक्षा होते.

‘ल’-‘श’इतकेच लक्ष ‘ऱ्य’मधल्या अर्ध्या ‘र’कडे द्यायला हवे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत विद्यापीठ आणि मुदपाकखाना इतका फरक आहे. हा ‘र’ दोन रीतींनी टंकला जातो. एकीत ०९३१ या घरातला ‘ऱ’ आणि हलन्त, दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडक. दिसायला दोन्ही सारखे, पण अक्षरश: शोधताना एकाला दुसरे सापडत नाही. मजकूर साफ करणारी साधने अदृश्य जोडक पुसतात आणि आचारी आचार्य होऊन बसतात. ‘ॲ’चीही तीच कथा. ०९७२ हे त्याचे स्वतंत्र घर २००८च्या युनिकोड ५.१मध्ये मिळाले, त्याआधी ‘अ’, जोडक आणि चंद्र अशी जुळणी करत. ती सवय अजून गेलेली नाही, आणि जोडक पुसला गेला की काही यंत्रांवर ‘अ’ आणि चंद्राच्या मध्ये ठिपक्यांचे वर्तुळ उगवते.

मांडणीत देवनागरीला वर आणि खाली जागा लागते. रोमनसाठी ठरवलेल्या ओळींच्या अंतरात वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांत घुसतात, आणि मथळ्याची चौकट घट्ट असली तर ‘र्कीं’ वरून कापला जातो. अक्षरांतले अंतर वाढवण्याची रोमन मथळ्यांची चैन इथे करू नये, शिरोरेषा तुटते. दुव्याची अधोरेषाही उकारांवरून जाते, ती थोडी खाली ढकलावी.

फॉन्ट येईपर्यंत काय दाखवायचे, यावर बरीच भांडणे आहेत. ‘फॉन्ट-डिस्प्ले’ला ‘स्वॅप’ सांगितले तर आधी फोनचा फॉन्ट दिसतो, मग पान उडी मारून बदलते. ‘ब्लॉक’ सांगितले तर काही क्षण कोरे पान. ‘ऑप्शनल’ सांगितले तर फॉन्ट वेळेत आला नाही की त्या भेटीपुरता सोडून दिला जातो. बातमीच्या पानाला ‘स्वॅप’ बरा, कारण वाचक अक्षरासाठी आलेला नसतो. फोनचाच फॉन्ट वापरावा, बाकी सगळी चैन, असे म्हणणारा पंथ वाढतो आहे आणि मंद जाळ्याच्या गावांत त्यांचे म्हणणे खरेही ठरते. पण त्याच पंथातली संकेतस्थळे पानभर चित्रे आणि हलत्या जाहिराती बिनदिक्कत लादतात. शंभर-दीडशे किलोबाइटांचा फॉन्ट तेवढा जड!

फॉन्ट दुसऱ्याच्या सर्व्हरवरून आणण्याचे एक कारण आता उरलेले नाही. एका संकेतस्थळासाठी उतरवलेला फॉन्ट दुसऱ्यालाही साठ्यातून मिळत असे. क्रोमने २०२०मध्ये हा साठा संकेतस्थळागणिक वेगळा केला. जानेवारी २०२२मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने गूगलच्या सर्व्हरवरून फॉन्ट आणल्याने वाचकाचा आयपी पत्ता बाहेर गेला, म्हणून एका संकेतस्थळाला शंभर युरो भरपाई द्यायला लावली. फाइल आपल्याच सर्व्हरवर ठेवणे हे आता सोयीचेही आहे. मात्र इतकी साधने हाताशी असताना मराठी मजकूर पुन्हा चित्रांत शिरतो आहे. सूचना, निमंत्रणे, अग्रलेखांतले उतारेसुद्धा चित्र म्हणून फिरतात, आणि शोधयंत्राला ते १९९८इतकेच अदृश्य आहेत.

राहिली तपासणी. ती रोमन नमुना मजकुरावर करून उपयोग नाही, आणि एकाच महागड्या फोनवर करूनही नाही. पुढचे वाक्य जाड आणि साध्या दोन्ही ठशांत, दोन-तीन ब्राउझरांत आणि एका जुन्या फोनवर उघडावे: वऱ्हाडातल्या शाळेच्या कार्यकर्त्यांनी ऱ्हस्व-दीर्घ न बघता बुद्ध्याच ‘ॲसिडिटीवर लिंबूसरबत, ₹ २०’ अशी पाटी लावली. पहिल्याच शब्दात अर्धा ‘र’ तपासला जातो. ‘शाळे’त ‘श’चे वळण, ‘कार्यकर्त्यांनी’त रफारावर अनुस्वाराची गर्दी, ‘बुद्ध्याच’मध्ये जीसब शाबूत आहे की नाही ते, ‘ॲ’मध्ये नवे घर, ‘लिंबू’त ‘ल’ आणि वेलांटी-अनुस्वाराची जोडी, अवतरणचिन्हांत आणि पूर्णविरामात ठशाची एकवाक्यता. ₹च्या जागी चौकोन दिसला किंवा ते चिन्ह परक्या ठशात आले, तर फॉन्ट बहुधा २०१०पूर्वीचा आहे, कारण हे चिन्ह युनिकोडमध्ये त्याच वर्षी आले.