कार्तिकातली पायवाट

दिवाळीच्या करंज्या डब्याच्या तळाला लागल्या, की आमच्या रामबागेतल्या घरात दरवर्षी एकच प्रश्न निघे : यंदा आवळीभोजन कुठे? कार्तिकात आवळीच्या झाडाखाली पान मांडून जेवण्याचा कुळाचार इंदूरच्या जुन्या मराठी घरांत कुणाला परका नाही. कुणी शेजारच्या बागेत जात, कुणी मळ्यावर. आमच्या आईचा आग्रह मात्र असे, की आवळी रानातली हवी आणि तिथवर पायी चालत गेले पाहिजे. “बसून खायचे तर घर काय वाईट आहे?” हे तिचे ठरलेले वाक्य.

इंदूर म्हटले की बाहेरच्या माणसाला सराफा आठवतो, पोहे-जिलेबी आठवते. मालवणाऱ्या दिव्यांतली रात्र आणि खाणे, एवढ्यात आमचे गाव त्याच्यापुरते संपते. पण शहराच्या दक्षिणेला निघून महूच्या पुढे गेले, की माळव्याचे काळेभोर सपाट रान एकाएकी तुटते आणि खाली निमाड दिसू लागतो. हा विंध्याचा कडा. लक्षावधी शतकांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाचा हा काळा दगड सह्याद्रीच्याच जातीचा. त्यामुळे देशावरून आलेल्या आपल्या पूर्वजांना इथे आल्यावर फार परके वाटले नसेल, असे मला नेहमी वाटते.

लहान मुले बरोबर असतील, तर पहिली वाट रालामंडळाची धरावी. शहराच्या वेशीवरची ही टेकडी, माथ्यावर होळकरांची शिकारगाह. जिथे एके काळी बंदुका वाजल्या, ते रान १९८९ मध्ये अभयारण्य झाले. चढ बेताचा आहे. सहा वर्षांचे पोर रडत नाही आणि साठीच्या आजीला हात द्यावा लागत नाही. वर गेल्यावर आपले शहर किती पसरले आहे ते कळते, आणि थोडी काळजीही वाटते.

दुसरी वाट जानापावची. सुमारे ८५० मीटर उंचीचा हा डोंगर परशुरामाचे जन्मस्थान मानला जातो. कार्तिकी पौर्णिमेला इथे जत्रा भरते. आता मोटार वरपर्यंत जाते, पण पायथ्याशी उतरून सागवान आणि पळसाच्या सावलीतून चढण्यात जी गंमत आहे, ती मोटारीच्या काचेतून मिळत नाही. चंबळ इथे उगम पावते. डाकूंच्या गोष्टींत ऐकलेली ती चंबळ इथे इवलीशी आहे, हे पाहून मुलांना हसू येते. मग त्यांना सांगावे, की हे पाणी उत्तरेला यमुनेला मिळते आणि गंगेबरोबर बंगालच्या उपसागरात जाते. याच कड्याच्या दुसऱ्या अंगाला पडलेला पाऊस मात्र चोरल नदीतून नर्मदेला मिळतो आणि पश्चिमेच्या समुद्राला जातो. एकाच ढगाच्या दोन थेंबांची अशी दोन टोकांना पाठवणी होते. भूगोलाचा हा धडा पुस्तकातून पाठ करावा लागतो. इथे तो पायाखाली असतो.

पण आमच्या घरची खरी वाट तिसरी, पाताळपाणी ते कालाकुंड. तिला आगगाडी लागे. ही गाडी म्हणजे इंदूरच्या अभिमानाचा भाग. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी या मार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीवर दिले, म्हणून तिचे नाव होळकर स्टेट रेल्वे. संस्थानिकाने सरकारला कर्ज द्यावे, ही गोष्ट वडील आम्हांला दर सहलीत नव्याने सांगत. पाताळपाण्याच्या पुढे घाट सुरू होई. चाळीस फुटांस एक फूट असा उतार, बोगदे, दरीवरचे पूल. घाटाच्या तोंडाशी टंट्या भिल्लाचे ठाणे आहे. इंग्रजांनी १८८९ मध्ये त्याला जबलपुरास फाशी दिले, पण निमाडात तो अजून ‘मामा’च आहे. तिथे गाडी क्षणभर थांबे. रेल्वेचे लोक म्हणत ब्रेक तपासतात. गावकरी म्हणत मामांना रामराम करतात. आई दोन्ही गोष्टी खऱ्या मानून हात जोडी.

कालाकुंडला उतरायचे, पळसाच्या द्रोणातला कलाकंद घ्यायचा आणि नदीच्या काठाने चालू लागायचे. धोतराला, साडीला कुसळे चिकटत. झुडपांवर सीताफळांचे डोळे उघडलेले असत. मग आवळी सापडे, सतरंजी पडे, दशम्या आणि लसणाची चटणी निघे. जेवण होईतो आईची नजर मात्र सारखी नदीकडे असे. याचे कारण मला फार उशिरा समजले.

मी तिशीत होतो. नोकरी नवी, अंगात रग. श्रावणात धबधबा भरात असतो, तेव्हा कार्तिकाची वाट कशाला पाहायची, असे म्हणून मी सगळ्यांना घेऊन निघालो. आई म्हणाली, “पावसात नदीकाठी पान मांडू नये रे.” मी हसलो. बायको, दोन मुले आणि आई यांना घेऊन ओढा ओलांडला आणि पलीकडच्या खडकावर बसलो. आमच्या डोक्यावर ऊन होते. घोटाभर पाण्यात मुले खेळत होती. इतक्यात वरच्या बाजूने म्हशी राखणारा एक म्हातारा हात हलवत ओरडू लागला, “बायर निकळो, पाणी अई रियो हे!” मला काही दिसेना. आईने मात्र पाण्याकडे पाहिले. ते गढूळ झाले होते आणि त्यावरून पालापाचोळा वाहत होता. तिने थोरल्याचा दंड धरला आणि भांडीकुंडी तिथेच टाकून चालू लागली. आम्ही अलीकडच्या काठाला लागलो आणि थोड्याच वेळात आमची सतरंजी, डबे, तांब्या सारे पाण्याखाली गेले. पाऊस आमच्यावर पडलाच नव्हता; तो वर कुठेतरी महूच्या बाजूला पडला होता.

२०११ च्या जुलैत पाताळपाण्याला लोंढा आला आणि एकाच कुटुंबातली माणसे वाहून गेली, ते दृश्य साऱ्या देशाने पाहिले. मी ते अर्ध्यावर बंद केले. तिथे मी माझ्याच माणसांना पाहत होतो.

त्या श्रावणानंतर मी घाबरलो. दरवर्षी काही ना काही सबब काढून रानातले आवळीभोजन मी बंद पाडले. आई काही बोलली नाही. तिने गच्चीवर मोठ्या कुंडीत आवळीचे रोप लावले आणि शेवटची अकरा वर्षे त्याच्या शेजारी पान मांडून जेवली. चूक महिन्याची होती, वाटेची नव्हती, हे मला तेव्हा कळायला हवे होते. जुन्या लोकांनी कार्तिक उगाच निवडला नव्हता. पाऊस सरलेला, नद्या उतरलेल्या, वाटा वाळलेल्या, ऊन सोसवणारे आणि आवळा झाडावर पिकत आलेला. कुळाचारात किती शहाणपण असते, ते तो मोडल्यावर समजते.

गेल्या कार्तिकात नात म्हणाली, “आजोबा, पणजीची आवळी कुठे होती?” पणजी तिने फक्त भिंतीवरच्या तसबिरीत पाहिलेली. मी उत्तर द्यायच्या आत सूनबाई म्हणाल्या, “बाबा, दाखवाच आम्हांला.” ती जुनी गाडी आता नाही. रूळ रुंद करण्याच्या कामासाठी महूच्या पुढची लहान रुळांवरची वाहतूक २०२३ मध्ये बंद झाली. घाटातला तुकडा जपावा म्हणून २०१८ मध्ये पाताळपाणी ते कालाकुंड अशी वारसा गाडी सुरू करण्यात आली. पण आम्ही निघालो तो दिवस तिचा नव्हता. मोटारीने कालाकुंड गाठले आणि चालू लागलो.

गुडघ्यामुळे मी मागे राहत होतो. नात पुढे पळे आणि पुन्हा मागे येई. ओढ्याशी आल्यावर मी तिला थांबवले आणि सांगितले, पाणी आधी पाहायचे. नितळ आहे का? पाने वाहतात का? वरच्या अंगाला आभाळ कसे आहे? तिने गंभीर चेहऱ्याने सगळे तपासले आणि म्हणाली, “जाऊ या, आजोबा.”

आईची ती आवळी सापडली नाही. चाळीस वर्षांत तुटली असेल, किंवा मीच वाट चुकलो असेन. थोडे वर दुसरी एक होती, वाकडी, पण फळांनी लगडलेली. तिच्याखाली सतरंजी घातली. जेवताना पाहिले, तर हातात दशमी धरून नात नदीकडे बघत बसली होती. मी विचारले, “काय ग?”

“काही नाही,” ती म्हणाली, “लक्ष ठेवतेय.”