राष्ट्राध्यक्षांच्या हाती हातोडा

१९६६ साली मुंबईच्या विक्रोळीत एक अमेरिकन परिचारिका दाखल झाली. वय ६८! ज्या वयात आपल्या आजीबाई जपमाळ हाती घेतात, त्या वयात लिलियन कार्टर ‘पीस कोअर’च्या स्वयंसेविका म्हणून परमुलखात आल्या आणि कामगारवस्तीत रुग्णसेवा करू लागल्या. दहा वर्षांनी त्यांचे चिरंजीव जिमी अमेरिकेच्या अध्यक्षपदी निवडून आले.

पण वाचकहो, आज सांगायचे आहे ते राष्ट्राध्यक्ष कार्टरांविषयी नव्हे, तर डीकन कार्टरांविषयी. बॅप्टिस्ट पंथात चर्चचा कारभार सभासदांच्याच हाती असतो. धर्मोपदेशक असतातच, पण त्यांच्या जोडीला चारचौघांसारख्या संसारी माणसांतून डीकन निवडतात. गरजूंना मदत करणे, आजाऱ्यांची विचारपूस करणे ही त्यांची कामे. जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स गावचे भुईमुगाचे शेतकरी जिमी कार्टर हे असेच एक डीकन.

१९६५ साली त्यांच्या चर्चपुढे ठराव आला, काळ्या लोकांना उपासनेसाठी आत घेऊ नये! कार्टर भर सभेत विरोधात बोलले. उपयोग झाला नाही. घरची माणसे सोडली तर त्यांच्या बाजूने जवळजवळ कोणीच उभे राहिले नाही. गावात राहून, धंदा करून असे बोलणे सोपे नव्हते.

१९८१ साली अध्यक्षपद गेले. मग १९८४ पासून कार्टर व पत्नी रोझॅलिन यांनी नेम धरला. ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या संस्थेसाठी दरवर्षी एक आठवडा स्वतः घरे बांधायची. या संस्थेत घर फुकट मिळत नाही. घर घेणारा स्वतः बांधकामावर राबतो आणि नफा न आकारता दिलेले कर्ज हप्त्याहप्त्याने फेडतो. त्याच पैशांतून आणखी कोणाचे घर उभे राहते. त्यामुळे देणारा वर आणि घेणारा खाली, असे राहतच नाही. दोघेही एकाच भिंतीला विटा लावतात. तिथे रंग कोण विचारतो?

२००६ साली हे जोडपे आपल्या लोणावळ्याजवळ आले. देशोदेशींचे स्वयंसेवक आणि गावकरी यांच्या हातांनी तिथे १०० घरे उभारण्याचे काम झाले. कार्टर तेव्हा ८२ वर्षांचे होते. आईने चाळीस वर्षांपूर्वी ज्या मुलखात सेवा केली, तिथेच मुलगा घाम गाळत होता.

२०१९ साली, वयाच्या ९५ व्या वर्षी, ते घरात पडले. कपाळाला १४ टाके पडले, डोळा काळानिळा झाला. तरीही दुसऱ्या दिवशी ते नॅशव्हिलला घरबांधणीच्या कामावर हजर होते! २९ डिसेंबर २०२४ रोजी, शंभरी पूर्ण करून, त्यांनी जगाचा निरोप घेतला.

दिवाळीत आपण दारी पणती लावतो. ज्याला दारच नाही, त्याच्यासाठी पैशाबरोबर चार तासांचे श्रमही देता येतील का? उत्तर ज्याने त्याने आपल्या घरी शोधावे.