स्वतःचा रस्ता अंथरत जाणारी गाडी

माझा मावसभाऊ कॅनडात, क्युबेकला असतो. जानेवारीत त्याने एक फोटो पाठवला. लाकडी कोठारात एक बसकी गाडी धूळ खात उभी. पाणबुडीसारखं अंग, बाजूला ओळीने गोल खिडक्या, पुढे चाकांच्या जागी दोन स्की, मागे दोन्ही अंगांना रणगाड्यासारखे रुंद पट्टे. बोंबार्डिए कंपनीची बी-१२, चाळीसच्या दशकातली, बारा माणसं घेऊन बर्फावरून धावणारी. फोटोखाली एकच ओळ होती : "ताई, मालक विकतोय. घेऊ का?"

मी डोंबिवलीत राहते. आमच्याकडे बर्फ नाही, पण पट्ट्यावर चालणारी यंत्रं रोज डोळ्यांसमोर असतात. ठाण्यापासून कल्याणपर्यंत जिथे जुनी इमारत पडते, जिथे नाल्याचा गाळ निघतो, तिथे पोकलेन उभं असतं. 'पोकलेन' हा शब्द आता इतका आपला झालाय की ते फ्रान्समधल्या एका कंपनीचं नाव होतं हे कुणाच्या मनातही येत नाही. त्या कंपनीच्या सहकार्याने लार्सन अँड टुब्रोने ही यंत्रं भारतात बनवली, आणि पुढे कुठल्याही कंपनीचं मशीन आलं तरी लोकांच्या तोंडी ते पोकलेनच राहिलं. तेव्हा जुनी बर्फगाडी घ्यावी का, हा प्रश्न मी ओळखीतून एका मिस्त्रींकडे नेला. शिळफाट्याच्या पुढे त्यांचं गॅरेज आहे आणि जुनी पोकलेन तपासून देण्यात त्यांचं आयुष्य गेलंय.

त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला. इंजिन कुठलं, किती जुनं, किंमत काय, यातलं काहीच विचारलं नाही.

"ताई, चेन नीट दिसत नाही यात. आधी चेन दाखवायला सांगा. इंजिन मागाहून."

माझा चेहरा पाहून ते उठले. आवारात वीस टनी पोकलेन उभं होतं. त्यांनी खिशातून खडू काढला, चेनच्या वरच्या बाजूला, पुढच्या टोकाशी, एका पट्टीवर जाड पांढरी रेघ ओढली आणि ऑपरेटरला हाक दिली : "हळू घे रे, एकदम हळू."

पुढे जे दिसलं ते मी त्यानंतर कितीतरी जणांना सांगितलंय. खडूची पट्टी पुढे सरकली, पुढच्या चाकावरून वळून खाली आली आणि जमिनीवर टेकली. टेकली ती टेकलीच. मशीन पुढे जात होतं, वरच्या पट्ट्या सरसर धावत होत्या, आणि ती एक पट्टी मात्र पाटावर ठेवलेल्या ताटासारखी जागच्या जागी पडून होती. वीस टन वजन तिच्यावरून रोलरवर घरंगळत गेलं. शेवटी मागच्या दातेरी चाकाने, स्प्रॉकेटने, तिला उचललं आणि ती वर चढून पुढे पळाली, मशीनच्या दुप्पट वेगाने.

म्हणजे जमिनीला टेकलेली चेन चालतच नाही! मशीन स्वतःच्या चेनवरून चालतं. पुढे रूळ अंथरायचा, त्यावरून जायचं, मागचा रूळ उचलून पुन्हा पुढे अंथरायचा. बैठकीत सतरंजी कमी पडली की मागची उचलून पुढे घालतात, तसं.

आणि हे मी उपमा म्हणून सांगत नाही. या कल्पनेचा जन्मच रेल्वेतून झाला. पट्ट्यावर चालणाऱ्या गाडीची एक कल्पना इंग्लंडच्या जॉर्ज केली यांनी १८२५ साली मांडली, तेव्हा तिला त्यांनी नाव दिलं होतं 'सार्वत्रिक रेल्वे'. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी आपल्या ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. त्यासाठी माणसांनी खाडीवर पूल बांधला, पारसिकच्या बाजूने वाट काढली, भराव घातले. जिथे तेवढा खर्च करता येत नाही, तिथे गाडीनेच रूळ सोबत न्यावा, हा केली यांचा विचार. तो प्रत्यक्षात उतरायला पाऊणशे वर्षं लागली. तितकं मजबूत पोलाद नव्हतं आणि तितकं हलकं इंजिनही नव्हतं.

उतरला तो दोन ठिकाणी, आणि मला या जोडीचंच फार नवल वाटतं : एक बर्फात, एक चिखलात. अमेरिकेत मेन राज्याच्या जंगलात हिवाळ्यात ओंडके ओढायला घोडे कमी पडत, म्हणून आल्विन लोम्बार्ड यांनी वाफेवर चालणारं पट्ट्याचं यंत्र केलं. त्याचं पेटंट १९०१ चं. तिकडे कॅलिफोर्नियात स्टॉक्टनजवळच्या खाडीप्रदेशात जमीन इतकी भुसभुशीत की वाफेचे ट्रॅक्टर रुतून बसत. बेंजामिन होल्ट चाकं रुंद करत गेले, इतकी की एका ट्रॅक्टरची रुंदी १४ मीटरवर पोचली. तरी भागेना. शेवटी २४ नोव्हेंबर १९०४ ला त्यांनी चाकं काढून लाकडी फळ्यांचे पट्टे बसवले आणि ट्रॅक्टर त्या जमिनीवरून निघाला. कुणीतरी म्हणालं, हा सुरवंटासारखा सरपटतोय. त्यातून कॅटरपिलर हे नाव आलं. आमच्या मुंब्रा-दिव्याकडच्या खाजणात ओहोटीला उतरलं की पाय पोटरीपर्यंत जातो. ताज्या बर्फातही तेच होतं. यंत्राच्या लेखी बर्फ आणि चिखल ही एकच अडचण आहे : पायाखालची जमीन वजन पेलत नाही.

मग वीस टनी मशीन का रुतत नाही? मिस्त्रींनी टेप काढून मोजून दाखवलं. पट्टी ६० सेंटीमीटर रुंद. जमिनीवर टेकलेली लांबी साधारण साडेतीन मीटर. दोन्ही बाजू मिळून झाले ४२,००० चौरस सेंटीमीटर. त्यावर २०,००० किलो पसरले, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला अर्ध्या किलोपेक्षाही कमी. आता तुम्ही अनवाणी चालताना एक पाय उचलता तेव्हा सगळं वजन दुसऱ्या तळव्यावर येतं. ६५ किलोच्या माणसाचा तळवा धरा १३० चौरस सेंटीमीटर. दाब आला अर्धा किलो. म्हणजे ते अवाढव्य धूड जमिनीला माझ्या पावलाइतकंच दाबतं! मोटारीच्या टायरचा दाब याच्या चौपट असतो. हा हिशेब मी घरी येऊन पुन्हा दोनदा केला.

जुनं मशीन घेताना चेनकडे आधी का पाहायचं, ते आता उलगडतं. रस्ता गाडीसोबतच येतो, म्हणजे गाडी घेणारा तो रस्ताही विकत घेतो. आणि झिजतो तो रस्ता. पोकलेनच्या चेनमध्ये पंचेचाळीसच्या आसपास कड्या असतात, प्रत्येक सांध्यात एक पिन आणि तिच्यावर एक बुश. मिस्त्री म्हणतात "चेन लांबली", पण लोखंड ताणलेलं नसतं. प्रत्येक सांधा आतून केसभर झिजलेला असतो. अर्धा मिलिमीटर गुणिले पंचेचाळीस केलं की चेन दोन सेंटीमीटरहून जास्त लांबलेली निघते. मग कड्या आणि स्प्रॉकेटचे दात यांचं माप जुळेनासं होतं, दात घासून टोकदार होतात, आणि असे दात नव्या चेनचीही वाट लावतात.

मिस्त्रींनी बकेट जमिनीत दाबून मशीनची एक बाजू उचलली, चेन हवेत फिरवली आणि कान देऊन उभे राहिले. मग चार कड्यांवर टेप लावला. एका रोलरभोवती ओलसर काळा डाग होता, तिथे बोट फिरवून नाकाशी नेलं : सील गेलं, ऑइल बाहेर येतंय. मशीन थोडं चालवून आणल्यावर त्यांनी एकेका रोलरला हाताची पालथी बाजू लावली. आई लेकराचं कपाळ पाहते, तशी. जो जास्त तापलेला, तो आतून कोरडा. खाडीकाठी राबलेलं मशीन ते वेगळं ओळखतात, कारण खारा चिखल रोलरच्या खोबणीत बसून सुकतो, दगडासारखा होतो आणि चेन आवळत जातो. तासांच्या मीटरकडे त्यांनी शेवटी नजर टाकली.

"मीटर बदलून मिळतो, ताई. पिन-बुश कोणी बदलून देत नाही, ते महाग पडतं."

कागदांचंही त्यांनी बजावलं. लोखंडी चेनच्या मशीनला सहसा नंबरप्लेट नसते, म्हणून मूळ बिल, चेसिस नंबर आणि कर्ज असेल तर बँकेचा ना हरकत दाखला हाती आल्याशिवाय इसार द्यायचा नाही.

भावाच्या गाडीचा जन्म मात्र एका घरातल्या दुःखातून झाला. जोसेफ-आर्मांड बोंबार्डिए क्युबेकमधल्या व्हालकूर गावचे. जन्म १९०७ चा, आणि तारीख पाहून मी थबकले : १६ एप्रिल, आपल्या ठाण्याच्या गाडीचीच. पंधराव्या वर्षी त्यांनी मोटारीचं इंजिन आणि लाकडी पंखा जोडून बर्फावर घसरगाडी पळवली होती. त्या काळी तिकडे हिवाळ्यात रस्ते महिनोन्‌महिने बंद असत. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या दुखण्याने अत्यवस्थ झाला. वाटा बर्फाखाली गेलेल्या. त्याला दवाखान्यात नेता आलं नाही आणि मूल गेलं. त्यानंतर या माणसाने रबराने मढवलेलं दातेरी चाक आणि रबरी पट्ट्याची रचना पुरी केली. तिचं पेटंट १९३७ चं. आधी सात माणसांची बी-७ आली, मग बी-१२. या गाड्यांतून डॉक्टर गेले, टपाल गेलं, शाळेची मुलं गेली, आजारी माणसं वेळेवर दवाखान्यात पोचली. कोठारातल्या त्या फोटोकडे हे कळल्यावर मला पूर्वीसारखं पाहताच येईना.

आपल्या माणसांचंही या पट्ट्यांशी नातं आहे. ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम निघाली आणि जानेवारी १९८२ मध्ये तिथल्या बर्फावर उतरली. आज 'मैत्री' या तिथल्या आपल्या तळावर सामान वाहणारे तांडे चालतात ते जर्मन बनावटीच्या, रुंद पट्ट्यांच्या पिस्टनबुली गाड्यांवर, आणि त्यांची सगळी सूत्रं वास्कोतल्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून हलतात. त्याआधी व्हिव्हियन फुक्स यांनी १९५७-५८ मध्ये ९९ दिवसांत अंटार्क्टिका या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडली, तीही टकर कंपनीच्या स्नो-कॅट घेऊन. त्यांच्या एका गाडीचा फोटो प्रसिद्ध आहे : खाली अथांग भेग, आणि गाडी पुढच्या-मागच्या पट्ट्यांवर पुलासारखी अधांतरी. हे छायाचित्र मी मिस्त्रींना दाखवलं. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "पट्टे लांब होते म्हणून वाचले."

तोवर भावाने पट्ट्याचे जवळून फोटो पाठवले होते. मिस्त्री पहिल्यांदा गोंधळले. यात पिन नव्हती, बुश नव्हता. दोन लांब रबरी पट्टे आणि त्यांवर पायरीसारख्या ठोकलेल्या पोलादी आडव्या पट्ट्या. मग त्यांनी मान हलवली. लोखंडी चेन कामाने झिजते; रबर नुसतं उभं राहून मरतं. पोकलेन कमी तास चाललेलं असलं की चांगलं, पण ही गाडी वीस वर्षं हललीच नसेल तर तीच भीतीची गोष्ट. व्हिडिओ कॉल लावला तेव्हा शिळफाट्याला संध्याकाळ होती आणि तिकडे नुकतं उजाडलेलं.

"काका, नमस्कार."

"नमस्कार, दादा. पट्टा चाकावर जिथे वळतो ना, तिथे नखाने दाबून बघा. बारीक भेगा आहेत का? आडव्या पट्ट्या एकेक करून हलवून बघा, किती सैल आहेत ते मोजा. बॉडी लाकडी आहे म्हणता, तर खालून टोकदार काहीतरी टोचून बघा, कुजलं असेल तर आत जाईल. आणि नवीन पट्टा आज कोण करून देतो, कितीला देतो, ते विचारल्याशिवाय किमतीचं बोलू नका."

भावाने सगळं केलं. आठवड्याने उत्तर आलं : उजवा पट्टा ठीक, डाव्याला वळणावर भेगा, चार आडव्या पट्ट्या सैल, बूड एका कोपऱ्यात कुजकं. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं होतं, आणि मालकाची सगळी भिस्त त्यावरच होती. मिस्त्रींनी हिशेब केला : दोन्ही पट्टे नवे धरायचे, बूड नवं धरायचं, तेवढे पैसे किमतीतून वजा, मालक मान्य करत असेल तर घ्या, नाहीतर नमस्कार करून परत या. मालकाने दोन दिवस घेतले आणि मान्य केलं.

सौदा ठरल्यावर भावाने एक व्हिडिओ पाठवला, चाळीस सेकंदांचा. पट्ट्यावर लाल खडूची रेघ. गाडी उघड्या रानात हळूहळू निघते, रेघ खाली येते, बर्फावर टेकते आणि थांबते; गाडी तिच्यावरून निघून जाते. मग कॅमेरा खाली वळतो. पट्ट्यांचा माग चार बोटं खोल, कडेला स्वच्छ कापल्यासारखा. त्याच्याच बाजूने भावाच्या स्वतःच्या पावलांचे खड्डे गेलेले, गुडघ्याएवढे.

मिस्त्रींनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. मग हेल्परला बोलावलं, फोन त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "बघ, माणूस आत गेलाय, गाडी वर आहे."