स्वतःचे पान आणि परका वाचक

पूर्वी गावातला एखादा जाणता गृहस्थ रोजनिशी ठेवीत असे. पाऊस केव्हा पडला, बियाणे काय भावाने आणले, याच्या नोंदी तीत असत, आणि वही ट्रंकेत राही. आज तशीच वही कोणालाही जगापुढे उघडी ठेवता येते. तिला वेबलॉग म्हणतात. लॉग म्हणजे मूळ जहाजावरची नोंदवही. हा शब्द जॉर्न बार्जर या अमेरिकन गृहस्थाने डिसेंबर १९९७ मध्ये वापरात आणला. पुढे १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झ याने गमतीने त्याचे 'वी ब्लॉग' असे तुकडे पाडले, आणि लोकांच्या तोंडी नुसता 'ब्लॉग' राहिला. मराठीत 'अनुदिनी' असाही शब्द आहे. मला तो अधिक गोड वाटतो.

त्याच वर्षी ब्लॉगर नावाची सोय निघाली आणि संगणकाची खूणभाषा न शिकता पान काढता येऊ लागले. लिहिणे असे सोपे झाले; पण वाचणे? ट्रंकेतल्या वहीचा वाचक लिहिणारा स्वतःच असे. अनुदिनीचा वाचक परका, आणि आपण त्याच्याशेजारी बसलेले नसतो.

समजा, एका गुरुजींनी दहावीच्या भूमितीची टिपणे आपल्या पानावर घातली. मुलगी ती उघडते वडिलांच्या फोनवर. तेही वडील शेतावरून परतल्यावर, दिवसाचा डेटा संपत आलेला असताना. पानावर आरंभी काय? गुरुजींच्या सत्काराची दहा छायाचित्रे! आता हिशेब करा. फोनवर काढलेले एक चित्र तसेच चढवले, तर तीन-चार मेगाबाइट सहज भरते. देवनागरीतली तीन हजार अक्षरचिन्हे म्हणजे जेमतेम नऊ किलोबाइट. एका चित्राच्या वजनात अशी तीनशेवर टिपणे बसतील. सत्कार जरूर दाखवावा, पण चित्र लहान करून आणि टिपणांच्या खाली.

अक्षरांचेही तसेच. रोमन लिपीच्या मापाने ओळी बसवल्या, की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो. देवनागरीला ओळींत थोडी मोकळी जागा लागतेच. फिकट करड्या रंगाची अक्षरे दिसायला नाजूक, पण उन्हात ती दिसतच नाहीत. वेबचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने २००८ मध्ये यासाठी मापच दिले: अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात निदान साडेचारास एक एवढे अंतर हवे. पांढऱ्यावर काळे असले, की मोजायला नको.

आता बटणांविषयी. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये लोकांना हातात धातूची लेखणी देऊन दोन पट्ट्यांवर आळीपाळीने टकटक करायला लावले. पट्टी जितकी अरुंद आणि लांब, तितका वेळ अधिक, असे दिसले. फोनचा तेव्हा पत्ता नव्हता, पण नियम आजही तोच आहे. नांगर धरून जाड झालेल्या अंगठ्याला तांदळाएवढी खूण कशी सापडावी?

हे सगळे मान्य करूनही आपल्या पानाचे दोष आपल्याला दिसत नाहीत, कारण कोणती वस्तू कुठे ठेवली ते आपणास ठाऊक असते. यावर एक स्वस्त उपाय आहे. याकोब निल्सन या अभ्यासकाने २००० मध्ये लिहिले की, पाच माणसांकडून पान वापरून पाहिले तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात. तेव्हा शेजारच्या काकूंना फोन द्या आणि म्हणा, "काकू, यातला प्रमेयाचा धडा काढून दाखवा बरं." मग गप्प बसा. "तिथे नाही, खाली बघा," असे म्हणायचे नाही. हे गप्प बसणे आम्हा शिक्षकांना फार जड जाते! पण काकू जिथे थबकतात, तिथे चूक पानाची असते, काकूंची नव्हे. "मला नाही बाई कळत यातलं," असे त्या म्हणाल्या, तरी त्यांना समजावू नका. ती जागा कागदावर टिपून ठेवा. दुरुस्ती करून दुसऱ्या कोणाला तरी पुन्हा बसवा. काकू आता वाटा शिकलेल्या असतात.

शेवटी पत्त्याविषयी. एकदा दिलेला पानाचा पत्ता बदलू नये. फळ्यावरून वहीत उतरवून घेतलेला पत्ता आपोआप दुरुस्त होत नाही. आणि फुकट मिळालेली जागा आपली नसते. जिओसिटीज ही एकेकाळची मोठी वसाहत. तिथे लाखो लोकांनी घरगुती पाने मांडली होती. २००९ मध्ये मालक कंपनीने अमेरिकेतला तिचा कारभार बंद केला. काही हौशी मंडळींनी धावाधाव करून जमेल तेवढ्या पानांच्या नकला उतरवून घेतल्या, म्हणून तेवढी तरी वाचली. गुरुजींनी टिपणांची एक प्रत आपल्या संगणकावर ठेवावी, आणि एक छापून शाळेच्या कपाटात.