दोन सशांत तिसरा: टाकून बघू नका

प्राण्यांवरच्या संशोधनाची तयारी करताय, तर हा प्रसंग कधीतरी येईलच. ॲनिमल हाऊसमध्ये दोन माद्या कित्येक महिने गुण्यागोविंदाने एकत्र राहताहेत. तिसरी नवी आली, पिंजरे अपुरे. कोणीतरी म्हणतं, "टाक की त्यांच्यातच, जमेल." तसं करू नका. का, ते बघू.

आधी साधं गणित. दोन सशांत नातं एकच. तीन झाले की नाती तीन, चार झाले की सहा. म्हणजे तिसरी आली की दोन नवी नाती जुळवायची असतात, आणि जुनं टिकेल याचीही खात्री नसते. नवीन मादीवरचा राग कधीकधी जुन्या जोडीदारणीवर निघतो.

दुसरा मुद्दा वासाचा. सशाच्या हनुवटीखाली गंधग्रंथी असतात. हनुवटी घासून तो "ही जागा आमची" असं सांगतो. रोमन मिकिटोविच यांनी ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेत १९६०च्या दशकात जंगली सशांवर हेच अभ्यासलं. वरचढ नर जास्त वेळा खुणा करतात आणि त्यांची ही ग्रंथी मोठी असते, असं त्यांना दिसलं. आपल्या वासाच्या जागेत ससा धीट होतो. म्हणून जोडीच्या पिंजऱ्यात सोडलेली नवी मादी पहिल्या मिनिटापासून घुसखोर ठरते.

मग करायचं काय? क्रमाने:

१. आधी विलगीकरण, संस्थेच्या नियमाप्रमाणे. त्याशिवाय भेट नाही.

२. मग शेजारी-शेजारी पिंजरे, मध्ये दुहेरी जाळी. गवत, पेट्या यांची अदलाबदल करा म्हणजे वास ओळखीचा होतो. जुन्या जोडीला मात्र एकमेकींपासून तोडू नका.

३. पहिली भेट तिघींनाही नवख्या जागेत. जमीन न घसरणारी, गवताचे ढीग दोन-तीन ठिकाणी, लपायच्या पेट्यांना दोन दारं. एकच दार असेल तर आतली कोंडीत सापडते.

४. भेट थोडा वेळ, कायम नजरेखाली. थोडा पाठलाग, अंगावर चढणं चालतं. शेपटी वर, कान मागे टाकून झेप घेतली किंवा चावून गोल फिरू लागल्या, की लगेच थांबवा. मध्ये हात घालू नका, जाड टॉवेल वापरा.

५. शेजारी बसून खाणं, एकमेकींना चाटणं, अंगाला अंग लावून पडणं ही चांगली लक्षणं. ती रोज दिसू लागली की मगच एकत्र मुक्काम.

रोज वजन, खाणं आणि लेंड्या नोंदवा. ताणाने ससा खाणं सोडतो आणि त्याचं आतडं मंदावतं. बारा तास काही खाल्लं नाही, तर पशुवैद्याला बोलवायलाच हवं. नसबंदी न झालेला प्रौढ नर मात्र या जोडीत नकोच, साधारण ३१ दिवसांत पिल्लं होतील.

आता तुमच्या डेटाचं. मादी मादीवर चढली तरी खोटी गर्भावस्था येऊ शकते आणि ती साधारण १६ ते १८ दिवस टिकते. तुम्ही हार्मोन मोजत असाल, तर आकडे त्यातच बिघडले. प्रयोग चालू असताना तिसरी आणली, तर पुढचा बदल औषधाचा की नव्या शेजारणीचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून गट आधी बसू द्या, वजन स्थिर होऊ द्या, मग पहिलं मोजमाप घ्या. आणि खाद्य पूर्ण पिंजऱ्याला एकच देत असाल, तर तिथे तुमचा नमुना तीन सशांचा नाही, एका पिंजऱ्याचा आहे. व्हायव्हात हा प्रश्न हमखास येतो.

प्राणी नैतिकता समितीच्या अर्जात हे सगळं लिहा: भेट कोण बघणार, कधी थांबवणार, आणि नाहीच जमलं तर काय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: जाळीपलीकडे शेजार. तिसरीला सोबत मिळते, कोणी जखमी होत नाही. त्यासाठी लागणारा जास्तीचा पिंजरा बजेटमध्ये आजच धरा.